सहायक, पण कुणाचा?



1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झालं, तेव्हा अख्ख्या राज्यात वैद्यकीय महाविद्यालय एकच होतं, आपलं रायपूरचं. तिथून शिकून निघालेला एमबीबीएस डॉक्टर बस्तरच्या किंवा सरगुज्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन राहायला तयार नसे. म्हणून मुख्यमंत्री अजित जोगींच्या सरकारने 2001 मध्ये कायदा केला आणि तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, अभ्यासक्रमाची नावं बदलत राहिली आणि काही वर्षांत तो बंदही पडला. शिकून बाहेर पडलेल्यांना सरकारने ‘ग्रामीण चिकित्सा सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं. सगळे त्यांना आरएमए म्हणतात.

सहायक म्हटलं की तो कुणाचा तरी असणार. पण डॉक्टर मिळत नाही म्हणूनच ज्याला धाडलं, तो सहायक कुणाचा? मध्यरात्री हिवतापाने फणफणलेलं पोर घेऊन आई दारात येते, तेव्हा देखरेख करणारे साहेब पुष्कळ लांब असतात. देखरेख उरते ती कागदावर.

मग ही माणसं काम कसं करतात? कृष्णा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगडमध्येच हे तपासलं; तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अतिसार, न्यूमोनिया, हिवताप, क्षयरोग अशा नेहमीच्या आजारांचे रुग्ण वर्णन करून सांगायचे, आणि काय विचाराल, काय तपासाल, कोणतं औषध द्याल ते पाहायचं. आरएमए एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. वर्णनातला रुग्ण आणि खाटेवर तडफडणारा रुग्ण यांत फरक असतो, हे मान्य. तरी तीन वर्षांत काही येत नाही, हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला एलएमपी डॉक्टर, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा परवाना-अभ्यासक्रम केलेले, आठवत असतील. 1946 च्या भोर समितीच्या वेळी देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांत बहुसंख्य तेच होते. समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर हवा म्हणून तो अभ्यासक्रम मोडीत काढायला सांगितलं. शहराला एमबीबीएस आणि जंगलाला तीन वर्षांचा, ही वाटणी मलाही टोचते. पण मोडीत काढलेल्याच्या जागी खेड्यात कोण आलं? बहुतेक ठिकाणी झोलाछाप, म्हणजे न शिकलेले भोंदू डॉक्टर.

ब्रिटनमध्ये सरकारने मागवलेल्या 2025 च्या लेंग अहवालाने अशा सहायकांवर उलट बंधनं सुचवली. ठरलेल्या नियमावलीशिवाय निदान न झालेला रुग्ण त्यांनी आधी पाहू नये, असं म्हटलं. तिथे ते चालेल, कारण तिथे डॉक्टर बहुधा त्याच इमारतीत असतो. बस्तरमधल्या अबूझमाडच्या कडेला तो नियम लावला, तर रुग्णाला पाहणारंच कुणी उरणार नाही.

आपल्या कायद्यानेही दार किलकिलं केलं आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ येतो. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं तो स्वतःच्या अधिकारात देऊ शकतो. त्यापलीकडे डॉक्टरची देखरेख. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामचा अशाच अभ्यासक्रमाचा कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण आधुनिक वैद्यक शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्र सरकारच्या हाती आहे. म्हणजे राज्याने एकट्याने घाई करून भागत नाही.

माझं म्हणणं असं. आरोग्य केंद्र सांभाळत ज्या आरएमएची दहा-बारा वर्षं गेली, त्याची पुन्हा एक परीक्षा घ्या. कोणते आजार, कोणती औषधं, आणि कोणत्या लक्षणाला तात्काळ पुढे पाठवायचं, याची यादी ठरवा. त्या यादीपुरता त्याला स्वतंत्र परवाना द्या. त्याची चूक त्याच्याच नावावर पडू द्या, आज ती कुणाच्याच नावावर पडत नाही. आणि मेकाहारात, म्हणजे रायपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, एक फोन असा ठेवा, जो त्याने रात्री लावला तर विशेषज्ञाला उचलावाच लागेल.