रोस्टर तुमच्या हाती येईल तेव्हा



पदवी मिळाली, त्याबद्दल तुमचं अभिनंदन. ते मी लांबवत नाही. फी आईवडिलांनी भरली आहे, तेव्हा आज घरी गेल्यावर अभिनंदन त्यांचंही करा.

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘आतिथ्य व पर्यटन क्षेत्रातील संधी’ असा छापला आहे. संधी पुष्कळ आहेत आणि त्यांची यादी प्लेसमेंटच्या सरांकडे माझ्यापेक्षा चांगली असेल. मी हाऊसकीपिंगमधली बाई. पुढे जनरल मॅनेजर झाले, तरी आजही कोणाकडे गेले की माझी नजर आधी पलंगाखाली जाते. माझ्याकडून मोठमोठ्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका.

मी या धंद्यात आले ते १९८० च्या दशकात. मराठी घरातली मुलगी हॉटेलात काम करते, हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती. आमचे बाबा शेजाऱ्यांना ‘फोर्टात कंपनीत आहे’ असं सांगत. स्थळांना पाठवायच्या माहितीत नुसतं ‘खासगी नोकरी’ लिहीत. एका मुलाच्या आईने मात्र खोदून विचारलं, “म्हणजे तिथे नक्की करतेस काय?” मी म्हटलं, “खोल्या आवरते.” त्या म्हणाल्या, “त्याला डिप्लोमा कशाला लागतो?” ते स्थळ तिथेच संपलं. बरंच झालं.

पण त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं, ते आज देते. एका शिफ्टमध्ये एका माणसाला चौदा ते सोळा खोल्या असतात. चेकआऊटची खोली वेगळी, राहत्या गेस्टची वेगळी. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावून गेस्ट दुपारपर्यंत झोपला, तर ती खोली शिफ्टच्या शेवटी अंगावर येते. टॉयलेट साफ करायचं आम्लाचं द्रावण चुकून संगमरवरावर सांडलं, की गेलेली चमक पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. रात्री पलंगावर कोणी झोपलंच नाही हे कसं ओळखायचं, एकच लहानशी बॅग घेऊन आलेला गेस्ट बिल न भरता पसार होणार का, हे फ्रंट ऑफिसच्या आधी हाऊसकीपिंगला कळतं. ‘स्लीप आऊट’ आणि ‘स्कॅन्टी बॅगेज’ हे दोन शेरे रूम रिपोर्टवर आम्हीच लिहितो. हे सगळं शिकावं लागतं, बाई.

आणि हे शिकवायला आपल्याकडे सुरुवात कोणी केली? देशातलं पहिलं केटरिंग कॉलेज मुंबईत १९५४ मध्ये निघालं, जे आज दादरला आहे. ते काढलं अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने आणि तिच्या अध्यक्षा होत्या लीलावती मुन्शी. म्हणजे या शिक्षणाचा पाया बायकांनी घातला. मी नोकरीला लागले तेव्हा मात्र ‘मुलींना कशाला घेता, त्यांना रात्रपाळी चालत नाही’ हे वाक्य मुलाखतीत माझ्या तोंडावर ऐकवलं जायचं.

हाऊसकीपिंगमध्ये रमायला कोणी तयार नसतं, हे माझं जुनं दुखणं आहे. टीव्हीवर स्वयंपाकाच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून तर प्रत्येकाला शेफच व्हायचं असतं. कोट पांढरा, टोपी उंच, नाव बशीच्या कडेला सॉसने लिहिलेलं. त्या किचनमध्ये कॉमी थ्री, म्हणजे सगळ्यात खालचा स्वयंपाकी, म्हणून तुम्ही पहिली दोन वर्षं कांदा सोलणार आहात, हे टीव्हीवर दाखवत नाहीत.

दुसरा राग आर्किटेक्टांवर. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये काचेची भिंत घालायची कल्पना ज्याला सुचली, त्याने ती काच एकदा तरी पुसावी. कॉरिडॉरला पांढरा गालिचा, काळ्या ग्रॅनाइटचा शॉवर आणि लिनन रूमची जागा कापून केलेला स्पा, हे सगळं मी पाहिलं आहे. त्या काचेपायी प्रत्येक खोलीमागे काही मिनिटं वाढतात. खोल्यांचा कोटा मात्र तेवढाच राहतो.

बाथरूमचा विषय निघालाच आहे, तर एक मुलगा आठवला. इंडस्ट्रियल ट्रेनिंग संपवून आमच्याकडेच रुजू झालेला. अतिशय चलाख. एका सकाळी त्याने एका वृद्ध गेस्टच्या बेसिनवरचा पाण्याचा ग्लास ओतून टाकला. ग्लासात त्यांची कवळी होती. दुपारी ते जेवायला निघाले आणि मजल्यावर हाहाकार उडाला. मागच्या अंगणात ताडपत्री पसरून मजल्यावरच्या सगळ्या कचऱ्याच्या पिशव्या आम्ही उपसल्या. चहाच्या भिजक्या पिशव्या आणि संत्र्याची सालं यांच्यामध्ये कवळी सापडली. वरचे साहेब त्याला त्याच क्षणी काढायला निघाले होते. गेस्ट म्हणाले, “दात माझे आणि ग्लास तुमचा, चूक माझी.” मुलाची नोकरी वाचली.

पण काही महिन्यांनी त्याने स्वतःच राजीनामा दिला. बहिणीच्या साखरपुड्याला धरून त्याची साप्ताहिक सुट्टी तिसऱ्यांदा रद्द झाली होती. कवळीच्या प्रकरणात टिकलेला मुलगा सुट्टीपायी गेला. एका विमान कंपनीत लागला आणि आज मोठ्या विमानतळावर चांगल्या हुद्द्यावर आहे. मला भेटला की अजूनही ‘मॅडम’ म्हणतो, पण हॉटेलात परत यायचं नाव काढत नाही.

आता मी मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, फार उशिरा. आमच्या वर्गातले बहुतेक जण आज हॉटेलात नाहीत. कोणी मोठ्या रुग्णालयात आहारविभाग सांभाळतं, कोणी आयटी पार्कमध्ये फॅसिलिटी मॅनेजमेंट करतं, कोणी बँकेत बड्या खातेदारांची मर्जी राखतं, कोणी मॉलमध्ये आहे. सगळ्यांना हॉटेलचं शिक्षण उपयोगी पडलं. माणसाचा चेहरा वाचणं, दहा कामं डोक्यात ठेवणं, उभ्याने हसत राहणं हे कुठेही खपतं. तुमच्यापैकीही बरेच जण या वाटांनी जाल. त्यात कमीपणा काही नाही. पण ते का गेले, हे मी प्रत्येकाला विचारलं आहे. पगार कमी, असं सांगणारे थोडे. बाकीच्यांनी वेळेचं नाव घेतलं.

माझा एक गोव्याचा वर्गमित्र क्रूझवर गेला. गोवेकरांना जहाज नवं नाही. मुंबईत धोबी तलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ आहेत, तिथे राहून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी आणि स्टुअर्ड बोटीची वाट पाहत आले. मी त्याला म्हटलं, महिनोन्‌महिने एकही दिवस सुट्टी नाही, ते कसं चालतं? तो म्हणाला, “काम भरपूर आहे. पण घरी कधी जाणार, ते करारात लिहिलेलं असतं.” आमच्या शहरातल्या हॉटेलांना हे एवढंसुद्धा जमत नाही.

ब्रेक शिफ्ट घ्या. अकरा ते तीन लंच, सात ते अकरा डिनर. कागदावर आठ तास. बदलापूरला राहणारा वेटर मधल्या चार तासांत घरी जाऊन येईल कसा? तो लॉकर रूममध्ये वर्तमानपत्र अंथरून पडतो आणि रात्री शेवटची लोकल गाठायला धावतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा केला, तेव्हा त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, वरच्या कामाला दुप्पट मोबदला होता आणि बाईच्या संमतीने, संरक्षणाच्या अटींवर रात्रपाळीची मुभाही होती. तो कायदा वाचलेला ड्यूटी मॅनेजर मला क्वचितच भेटला. वरच्या तासांना आमच्याकडे ‘पॅशन’ म्हणतात.

२०२० साली हॉटेलं बंद पडली. काही हॉटेलांत डॉक्टर आणि परिचारिका उतरवल्या, काहींत विलगीकरणातले प्रवासी. त्या वेळी आत कोण थांबलं होतं? खोल्या आवरणारे आणि भांडी घासणारे. बाकीचे गावी गेले. दारं पुन्हा उघडल्यावर फोन केले, तर बरेच परत आले नाहीत. मालकांच्या प्रत्येक बैठकीत तेव्हापासून एकच रडगाणं ऐकते, माणसं मिळत नाहीत. अहो, माणसं आपल्याच शहरात आहेत, दुसऱ्या धंद्यात आहेत आणि रात्रीचं जेवण घरी जेवताहेत.

पर्यटनाच्या मुलांना वाटेल, हे आमच्यासाठी नाही. आहे. २०२५ मध्ये रायगड, राजगड, सिंधुदुर्ग धरून बारा किल्ले जागतिक वारसायादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, महिलांसाठीचं ‘आई’ धोरण २०२३ मध्ये. कोणी गावी जाऊन होमस्टे काढेल, कोणी टूर मॅनेजर होईल, कोणी गाईड. गडावर आलेला पाहुणा इतिहासाच्या आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतो, हे लक्षात ठेवा. ते साफ ठेवणारी गावातली बाई सुट्टी कधी घेणार, हे तुम्हालाच ठरवायचं आहे. टूर मॅनेजरने तर एक गट सोडला की त्याच रात्री दुसरा घ्यायचा, अशी रीत पडून गेली आहे.

मला घडवलं ते आमच्या पहिल्या फ्लोअर सुपरवायझर बाईंनी. रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, त्या पेन्सिलने लिहीत. आधी सगळ्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या भरत, मग ड्यूट्या. कोण विरारहून येतं, कोणाचं मूल शाळेत जातं, हे त्यांना पाठ होतं. संध्याकाळची शिफ्ट केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळची त्यांनी कधी लावली नाही. मॅनेजर म्हणत, हॉटेल भरलं की हे कसं जमणार? त्या म्हणत, “पुढच्या आठवड्याचं बुकिंग आज दिसतंय ना? मग माणसं आज मागा.” त्यांच्या मजल्यावरची माणसं वर्षानुवर्षं टिकली. पुढे हॉटेलं मी चालवली, तेव्हा हाच हिशेब मांडला. नवा माणूस घेऊन शिकवायला जो खर्च येतो, त्याहून रोस्टरवर एक जास्तीचा माणूस ठेवणं स्वस्त पडतं.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे, आणि बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल. दोन-तीन वर्षांत तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती रोस्टर येईल. दहा माणसांचं असेल, नाही तर होमस्टेतल्या दोघांचं. तेव्हा तोंडात एक वाक्य येईल, ‘आम्हीही असंच शिकलो.’ ते गिळून टाका. या वाक्याने आमच्या पिढीने आपलीच चांगली माणसं घालवली. तुमच्यावर जे लादलं गेलं, ते खालच्यावर लादू नका. नव्या ट्रेनीला वेळ झाली की घरी पाठवा, थांबवलंत तर त्या तासांचे पैसे द्या, आणि कबूल केलेली सुट्टी मोडू नका.

पहिलं रोस्टर लिहायला बसाल, तेव्हा आधी सुट्ट्या भरा. ड्यूट्या नंतर.