अपुऱ्या कॅमेऱ्याचे धनी : आनंदराव पेंटर



देवळाच्या उत्सवात रात्री नाटक उभे राहते, तेव्हा नटाच्या आधी पहिली दाद घेतो तो पडदा. सपाट कापडावर राजवाड्याचे खांब आत आत जाताना दिसतात आणि मांडवातल्या पोरासोरांनाही ते खरे वाटतात. तो पडदा रंगविणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आजचे स्मरण अशाच एका कलावंताचे आहे. कोल्हापूरचे आनंदराव मेस्त्री. लोकांच्या तोंडी आनंदराव पेंटर.

बाबूराव पेंटर हे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म १८९० चा. आनंदराव हे त्यांचे नात्यातले बंधू. घराणे कारागिरांचे, लाकूड, धातू, हस्तिदंत यांवर चालणारा हात वाडवडिलांकडून आलेला. कलाशाळेचे शिक्षण नव्हते, पण जे दिसेल ते करून पाहण्याची जिद्द होती. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या त्या दिवसांत या बंधूंनी किर्लोस्कर मंडळी, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श अशा नामवंत कंपन्यांचे पडदे रंगविले. पद रंगले की श्रेय गवयाचे, हे योग्यच. परंतु ज्या चांदण्या रात्रीत ते पद म्हटले जाई, ती रात्र कोणाच्या तरी कुंचल्यातून उतरलेली असे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून या बंधूंना वेगळाच ध्यास लागला. हलणारे चित्र! मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. खेळ दाखविणे हे निमित्त. खरा अभ्यास यंत्राचा. फीत अखंड वाहती ठेवली तर पडद्यावर नुसता धुरळा दिसेल. प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर थांबली पाहिजे, पुढे सरकताना प्रकाश झाकला गेला पाहिजे, आणि हे एका सेकंदात सोळा वेळा, हाताने दांडा फिरवून! फितीच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला नेमकी एका चित्राइतकी ओढणारी आकडी केसभर चुकली तरी चित्र थरथरते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचे मर्म येथे एकच. एक प्रकाश बाहेर टाकतो, दुसरा आत घेतो. हे ओळखून आनंदरावांनी कॅमेरा स्वतःच घडविण्याचे मनावर घेतले. विलायती यंत्र विकत घेण्याइतके द्रव्य नव्हते म्हणून, असे कोणी म्हणेल. पण कारागिराला यंत्र उलगडल्यावाचून चैन पडत नाही, हेही तितकेच खरे.

ते काम हातावेगळे होण्यापूर्वीच, १९१६ साली, आनंदरावांना मृत्यूने गाठले. आपल्या हातच्या यंत्रातून उतरलेले एकही चित्र पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

घरातला कर्ता माणूस गेला की त्याची हत्यारे बहुधा माळ्यावर जातात. बाबूरावांनी ती खाली ठेवली नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी खटपट चालू ठेवली आणि १९१८ च्या सुमारास देशी बनावटीचा तो कॅमेरा सिद्ध झाला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. मुक्या चित्रपटाच्या मुळाशी गळ्याची कमाई असावी, हा योग मोठा रम्य! १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. तो गौरव यथार्थच होता. तथापि त्या प्रसंगाच्या वर्णनांत आनंदरावांचा उल्लेख शोधावा लागतो, आणि सापडला तर एखाद्या ओळीचा.

पडद्याचे काम टिकाऊ नव्हे. सरसात कालवलेला रंग घडीघडीवर झडतो, आणि नवे नाटक आले की जुन्या कापडावरच नवा अस्तर चढतो. म्हणून आनंदरावांचे काम पाहायचे तर त्यांनी घडविलेल्या माणसांकडे वळावे. दामले आणि फत्तेलाल हे दोघे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९२९ साली प्रभातची स्थापना करणाऱ्या पाच जणांत हे दोघे होते. दोघांनी मिळून दिग्दर्शिलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला. त्याला संगीत केशवराव भोळ्यांचे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तोवर आनंदरावांना जाऊन एकवीस वर्षे लोटली होती.