खिशातली सोनोग्राफी आणि आपल्या लेकी
(फुलंब्री येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा पैसा घरात येतो आणि कुठं जातो, याचा हिशेब मांडला तर बियाणं, खत आणि सावकाराच्या खालोखाल दवाखाना दिसतो. पोटातलं मूल आडवं आहे का, वार खाली आहे का, हे आधी कळलं तर बाळंतीण वाचते. ते कळायला सोनोग्राफी लागते. वडोदबाजारच्या, पालच्या बाईला त्यासाठी गाव सोडावं लागतं. जीपचं भाडं जातं आणि दोन माणसांची मजुरी बुडते.

हे यंत्र समजायला अवघड नाही. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो. सोनोग्राफीत माणसाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडतात आणि परत आलेल्या आवाजातून चित्र बनवतात. यात क्ष-किरण नसतात. पूर्वी हा आवाज फक्त स्फटिकांतून काढत. आता तेच काम एका चिपवर होतं. अशा चिपच्या यंत्राला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. ते मुठीत मावतं, मोबाईलला जोडता येतं आणि बाजारात आलं तेव्हा सुमारे २ हजार डॉलरला मिळत होतं. छातीतलं पाणी, पित्ताचे खडे, मार लागल्यावर पोटात साचलेलं रक्त, हे सगळं त्यावर खाटेशीच दिसतं.

मग ते गावोगाव का फिरत नाही? कायदा आडवा येतो. २०१२ च्या नियमानुसार असं यंत्र नोंदणी झालेल्या दवाखान्यातल्या दाखल रुग्णांसाठी, नाहीतर इतर उपचारही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यातच वापरता येतं.

सरकारला शिव्या देण्याआधी थोडं थांबा. हा कायदा कुणामुळं आला? महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिल्यांदा गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. केंद्राचा १९९४ ला झाला. तरी आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. शेजारच्या बीडात तर ८०७! या मुली दुष्काळानं नेल्या नाहीत. डॉक्टरनं पैसे घेतले, पण ते दिले आपण. यंत्राला पायात बेडी पडली ती आपल्याच घरातल्या पापानं, आणि शिक्षा भोगते आडलेली बाळंतीण.

यातून वाट आहे. झांबिया आणि अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोनोग्राफी न शिकलेल्या माणसांनी प्रोब पोटावर ठरल्या रेषांत नुसता फिरवला आणि गर्भ किती आठवड्यांचा हे संगणकानं काढलं. अंदाज तज्ज्ञाच्या मापाच्या तोडीचा निघाला. म्हणजे पडद्यावर चित्र न दाखवता, हवं तेवढंच उत्तर देणारं यंत्र बनवता येतं. चित्रच दिसलं नाही तर लिंग कोण सांगणार?

म्हणून आपली मागणी कायदा मोडीत काढा अशी नाही. असं बंदिस्त यंत्र, प्रत्येक वापराची नोंद ठेवणारं, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात द्या, आणि त्यासाठी नियमात जागा करा, एवढंच मागायचं.

पण ही मागणी घेऊन जायला तोंड लागतं. ज्या गावात मुलीच्या जन्माला पेढे वाटत नाहीत, त्या गावानं कुठल्या तोंडानं यंत्र मागायचं? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या अंगणवाडीतल्या मुलामुलींची संख्या लिहून आणावी. निवेदनाच्या वर पहिला कागद तोच लावू.