लहान गाडी आणि घराचा मान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गृहस्थाश्रमातील काटकसर या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून २०११ सालापासून आमच्या दारात उभ्या असलेल्या नॅनो गाडीचा अनुभवच आपणांपुढे ठेवतो.

स्कूटरवर दाटीने बसून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून श्री. रतन टाटा यांच्या मनात या गाडीची कल्पना आली आणि पुण्यातील अभियंत्यांनी तिला आकार दिला. मार्च २००९ मध्ये ती विक्रीस निघाली. कारखान्यातील मूळ किंमत १ लाख रुपये ठरली. प्रथम मागणी करणारे दोन लाखांहून अधिक निघाले, तेव्हा पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून द्याव्या लागल्या.

किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी ६२४ सी.सी.चे दोन सिलिंडरांचे इंजिन मागे बसविले, काच पुसण्यास एकच वायपर ठेवला, चाकास चाराऐवजी तीन नट दिले. आरंभीच्या गाड्यांना मागचे झाकण उघडत नसे. सामान मागील आसन पाडून ठेवावे लागे. लांबी अवघी ३.१ मीटर, त्यामुळे आमच्या पेठेतील बोळात ती सहज वळते. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या आमच्या मातोश्री तिच्या उंच आसनावर फारसे न वाकता बसतात.

परंतु काटकसरीलाही मर्यादा असावी. २०१४ साली झालेल्या धडक-चाचणीत या गाडीस एकही तारा मिळाला नाही. म्हणून आम्ही ती द्रुतगती मार्गावर नेत नाही. दूरचा प्रवास एस.टी.ने अथवा आगगाडीने करतो. जिवाच्या बाबतीत काटकसर नको, एवढे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. एका लग्नात मंडपाच्या दाराशी आम्ही उभयता या गाडीतून उतरलो, तेव्हा आप्तांपैकीच कोणी ‘रिक्षा आली’ असे म्हणून हसले. मुलीने ते ऐकले व घरी येईपर्यंत ती बोलली नाही. मोठी गाडी कर्जाने घेणे आम्हांस अशक्य नव्हते. पण त्या हप्त्यांच्या रकमेतून दोन्ही मुलांच्या महाविद्यालयाचे शुल्क भरले. आज ती दोघे स्वतःच्या पायांवर उभी आहेत आणि घरावर कोणाचे देणे नाही.

या गाडीचे उत्पादन २०१८ साली थांबले. त्याची कारणे अनेक आहेत. सिंगूरच्या भूमीच्या वादामुळे कारखाना साणंदला हलवावा लागला. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काही तिला बाधला, हे स्वतः टाटांनी पुढे मान्य केले. गरज असूनही लोकांना ‘स्वस्त’ या शब्दाची लाज वाटली. ती लाज आपल्याही घरोघरी आहे.

म्हणून मंडळास एक नम्र सूचना आहे. आपल्या वधूवर-सूचीच्या अर्जात ‘स्वतःचे वाहन’ असा रकाना आहे. तो पुढील वर्षापासून गाळावा. शिक्षण विचारा, स्वभाव विचारा, आरोग्य विचारा. घरावर कर्ज किती, हेही अवश्य विचारा. दारात कोणती गाडी उभी आहे, यावरून कोणत्याही घराची पारख होऊ नये.