लॅपटॉपची निवड : किंमत, वजन आणि कार्यप्रणाली

(आंबिवली येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या परिसरातील कितीतरी घरांची चूल एके काळी मोहने येथील एन. आर. सी. कारखान्याच्या पगारावर पेटत असे. तो कारखाना २००९ साली बंद पडला. त्यानंतर ज्या कुटुंबांनी काटकसर करून मुलांचे शिक्षण पुढे नेले, त्यांच्या दृष्टीने चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप ही हौसेची वस्तू नव्हे. ती खरेदी चुकू नये, एवढ्याच हेतूने मी आज आपल्यापुढे उभा आहे.

दुकानात गेल्याबरोबर आपण किंमत विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न, हे यंत्र किती वर्षे कामास येईल, हा असावा. समजा, तीस हजारांचे यंत्र दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला पंधरा हजार खर्ची पडले. पंचेचाळीस हजारांचे यंत्र सहा वर्षे चालले, तर तोच खर्च साडेसात हजारांवर येतो. स्वस्त कोणते, हे सांगण्यास गणिताचा शिक्षक नको!

यंत्राचे आयुष्य आता केवळ त्याच्या सुट्या भागांवर अवलंबून राहिलेले नाही. यंत्र आणि आपले काम यांचा मेळ घालणारी जी कार्यप्रणाली, तीही ते ठरविते. माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेला लॅपटॉप स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. त्यात विंडोज १० होती आणि यंत्र उत्तम चालत होते. तथापि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीला मिळणारे नेहमीचे पाठबळ कंपनीने थांबविले. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा सहाव्या पिढीचा निघाला. विक्रेत्याने हे सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. जुने यंत्र घेणाऱ्यांनी ही पिढी आधी तपासावी.

ते यंत्र मी भंगारात काढले नाही. त्यावर लिनक्स बसविली. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंतही मिळतो. निबंध, पत्रव्यवहार, प्रोग्रॅमिंग यांना लिनक्स पुरेशी आहे. परंतु वाणिज्य शाखेच्या मुलीला टॅली शिकावयाची असेल, किंवा स्थापत्य पदविकेच्या मुलाला ऑटोकॅड, तर विंडोजच घ्यावी. ही साधने थेट लिनक्सवर चालत नाहीत. केवळ पैसे वाचतात म्हणून मुलांच्या अभ्यासात अडचण निर्माण करणे योग्य नाही. तेव्हा अभ्यासक्रमास कोणती साधने लागतात, हे महाविद्यालयात विचारूनच दुकानाची पायरी चढावी.

स्मृती, म्हणजे रॅम, किमान आठ जीबी असावी. ती पुढे वाढविता येईल काय, हेही विचारावे. कित्येक पातळ यंत्रांत ती कायमची जडविलेली असते.

आता वजनाविषयी. १९८१ साली आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक सहज नेता येण्याजोगा म्हणून विकला गेला. त्याचे वजन होते सुमारे अकरा किलो! आज चौदा इंची लॅपटॉप दीड किलोच्या आसपास मिळतो. खेळांसाठी बनविलेले यंत्र मात्र सव्वादोन-अडीच किलोंचे, आणि त्याचा चार्जर आणखी अर्धा-पाऊण किलोचा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण कसारा-आसनगावहून भरून आलेल्या सकाळच्या गाडीत आंबिवलीला चढून, पिशवी छातीशी धरून ठाण्यापर्यंत उभ्याने जाणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. अशा गर्दीत पडदा दाबला जाऊन तडकण्याचा धोका असतो, तो वेगळाच. ज्याचे यंत्र घरच्या टेबलावरच राहणार आहे, त्याने हलकेपणासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खरेदीला जाताना रोजची पुस्तके व जेवणाचा डबा घातलेली पिशवी बरोबर न्यावी. दुकानातच तिच्यात लॅपटॉप आणि चार्जर ठेवून, ती छातीशी घेऊन दहा मिनिटे उभे राहून पाहावे. दुकानदार हसला, तर खुशाल हसू द्यावे.