इथेनॉलचा अपुरा हिशेब

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. तेलाच्या आयातीवरील परकीय चलन वाचते आणि कारखान्यांच्या हाती रोख पैसा आल्याने उसाची बिले निघण्यास मदत होते, हे दोन्ही लाभ खरे आहेत. परंतु जमेची बाजू एकटी वाचून हिशेब पुरा होत नाही. खर्च किती आणि तो कोणाच्या माथी, हेही पाहिले पाहिजे.

पहिला खर्च वाहनधारकाचा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणाने जुन्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी व दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. जुन्या वाहनांतील धातूचे भाग गंजण्याचा व रबरी भाग खराब होण्याचा धोका वाढतो. नवी मोटार घेणाऱ्याला याची झळ थोडी. जुन्या मोटारसायकलवरून दुधाचा रतीब घालणाऱ्याला अधिक.

दुसरा खर्च पाण्याचा. त्याच अहवालानुसार उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यातही ऊस उभा आहेच. टँकरची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याचे पाणी अशा रीतीने मोटारीच्या टाकीत जाते.

तिसरा खर्च अन्नाचा. साखरेच्या टंचाईच्या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते पुढे २०२४ मध्ये उठले. दरम्यान भार मक्यावर पडला आणि मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयातदार झाला. कोंबड्यांचे खाद्य महागले. अन्न महामंडळाच्या गोदामांतील तांदूळही आसवनी प्रकल्पांकडे वळवण्यात आला. तेलाची आयात टाळण्यासाठी धान्याची आयात करणे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पंपावर कमी मिश्रणाचे इंधन वाजवी दरात मिळावे. अवर्षणग्रस्त तालुक्यांत पाण्याच्या उपलब्धतेनुसारच उसाचे क्षेत्र ठरावे. धान्यावर पहिला हक्क भुकेल्याचा असावा. आणि परकीय चलन खरोखरच वाचवायचे असेल, तर एस.टी. व रेल्वे सबळ करावी. न जळालेल्या इंधनाइतकी स्वस्त बचत दुसरी नाही.