मिनिटभर श्वास मोजणारी माणसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. त्याबद्दल दुपारी नववी-दहावीच्या मुलांशी निवांत बोलेनच. इथे मात्र मला आपल्याच वर्गातल्या, आज या मांडवात न दिसणाऱ्या काही मैत्रिणींबद्दल बोलायचं आहे. आमच्या तुकडीतल्या पाच जणी नर्सिंगला गेल्या. कुणी बारावीनंतर दोन वर्षांचं एएनएम केलं, कुणी तीन वर्षांचं जीएनएम. आणखी दोघी सासरच्या गावी आशाताई आहेत. या सातांपैकी आज फक्त दोघी आल्या आहेत. बाकीच्यांना मी फोन केला तर एकीचं उत्तर ठरलेलं होतं, "अगं, रविवार असला तरी बाळंतपणं थांबत नाहीत." ती नवजात बालकांच्या कक्षात काम करते. माझ्या बाकावर शेजारी बसायची आणि गणितात माझ्यापेक्षा पुढे होती.

तिचं काम नेमकं काय, हे मी तिला एकदा सविस्तर विचारलं. आमच्या क्षेत्रात सर्व्हर बिघडला की अलार्म वाजतो, रात्री दोन वाजता फोन येतो. ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं असतं. तान्हं बाळ आजारी पडलं की आवाज कमी करतं." मोठं मूल दुखलं की रडतं, बोलतं. दोन-चार दिवसांचं बाळ जास्त झोपू लागतं, दूध ओढेनासं होतं, हातपाय गार पडतात, रडणं बारीक होतं. घरच्यांना वाटतं, बाळ किती शहाणं आहे, त्रास देत नाही. जिच्या नजरेला सवय आहे तिला तिथेच शंका येते. ती बाळाचे कपडे वर करते आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते.

हा हिशोब इथे सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर ते मूल लगेच दाखवायला हवं. तान्ह्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करतात. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, आपल्याकडे ज्याला पोट उडतंय म्हणतात, तर घरी थांबायचंच नाही. यासाठी लागतं एक सेकंदकाट्याचं घड्याळ आणि मिनिटभर दुसरीकडे न पाहणारं माणूस.

तुम्ही म्हणाल, आता सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग हे कशाला? २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्या १६ पैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच. म्हणजे धोक्याचा मोठा भाग पहिल्या महिन्यात आहे, आणि दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत सुटी मिळाल्यावर तो महिना बाळ काढतं घरात. तिथे पाहणारं कोण आहे, यावर बरंच काही ठरतं.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या जामखेड तालुक्यानेच दिलेलं आहे. चोंडी आपल्या तालुक्यात, म्हणून अहिल्यादेवींचं नाव आपण अभिमानाने घेतो. तितक्याच अभिमानाने सांगावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं काम. १९७० साली त्यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७१ च्या सुमाराला त्यांच्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स-सुईणी गावात ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या तरुण मुली गावात रुळेनात, आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळ्या होईनात. मग गावकऱ्यांमधूनच सूचना आली की गावातलीच बाई निवडा. त्यातून ग्राम आरोग्य सेविका उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला नियमित यायच्या, शिकायच्या, आणि गावात जाऊन तेच दुसऱ्यांना सांगायच्या. पोटुशी बाईने कमी खाल्लं तर बाळ लहान राहून बाळंतपण सोपं जातं, पहिला चीक टाकून द्यायचा असतो, असल्या समजुती बाहेरच्या डॉक्टरच्या व्याख्यानाने जात नाहीत. चुलीपाशी बसून, "माझ्याच सुनेला मी चीक पाजला, बघ तिचं पोर" असं सांगणारी बाई लागते.

१९९० च्या दशकापर्यंत त्या गावांमधला १७६ चा आकडा तिशीच्या खाली आला. सगळं श्रेय एकट्या सेविकांचं नाही. पिण्याचं पाणी, धान्य, लसीकरण, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं, सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण हे सगळं घरात नेणारी त्या सेविकाच होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ तर वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलून आल्या. तिथल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी मोठ्या डॉक्टरांची तुलना झुंबराशी केली, आणि आपण म्हणजे हातातला साधा दिवा, जो दुसरा दिवा लावू शकतो, असं सांगितलं.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाच धागा नवजात बाळापर्यंत नेला. ३९ गावांमधल्या बायकांना घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास पाहायला आणि उपचार करायला शिकवलं. तिथला नवजात मृत्युदर तीन वर्षांत ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते अशा सुईणींसाठी त्यांनी मण्यांचं श्वासमापक बनवलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. इंजिनिअर म्हणून मी अनेक उपकरणं पाहिली, वापरणाऱ्या माणसाचा इतका विचार केलेलं उपकरण क्वचितच पाहिलं.

आज आशाताई करतात त्या गृहभेटी याच वाटेवरच्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झालं तर पहिल्या दिवशीसुद्धा. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला होता २५० रुपये. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आपल्या गावात मात्र ती दारात आली की अजून "काय सही पाहिजे का?" असं विचारतात.

आणि आपल्या भागातली खरी अडचण पुढे आहे. दिवाळी झाली की जामखेड, पाथर्डीकडची गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून सातवा-आठवा महिना असला तरी बाई ट्रॅक्टरमध्ये बसते. इथल्या आशाताईच्या वहीत तिच्यापुढे 'स्थलांतर' लिहिलं जातं. तिकडच्या गावच्या आशाताईच्या वहीत तिचं नावच नसण्याची भीती असते. मग तिसरा दिवस, सातवा दिवस कोपीत उगवतो आणि मावळतो, बाळाचे श्वास कोणी मोजत नाही. यातली काही मुलं पुढे याच शाळेच्या बाकांवर बसतात. यातल्या काही आया याच शाळेतून आठवी-नववीत बाहेर पडलेल्या असतात.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली. सभागृहातल्या गौरव फलकावर डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी यांची नावं आहेत, माझंही आहे. नर्स आणि आशाताई झालेल्या एकाही मुलीचं नाव तिथे नाही. ती नावं यावर्षी लागावीत, त्याच अक्षरांत, त्याच आकारात.

दुसरी. आपल्या निधीतून दरवर्षी नर्सिंगला जाणाऱ्या दोन मुलींची फी आणि वसतिगृहाचा खर्च द्यावा. गुणवत्ता यादीत पहिली आली तरच, अशी अट नको. हे काम मनापासून करायची इच्छा आहे का, एवढं सरांनी आणि बाईंनी पाहावं.

तिसरी. दरवर्षी दिवाळीच्या आधी शाळेत एक दुपार ठेवू. तोडीला निघणाऱ्या गरोदर आणि ओल्या बाळंतिणींना बोलावू. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत आहे का, कुठल्या कारखान्यावर जाणार, तिथल्या आशाताईचा फोन कोणता, हे लिहून घेऊ. बोलणाऱ्या आपल्या नर्स मैत्रिणी असतील. पुढचे सहा महिने या याद्या सांभाळण्याची आणि फोन लावण्याची जबाबदारी मी घेते. मला कुणी ॲप बनवायला सांगू नका. सुरुवातीला एक वही आणि एक फोन पुरेल. कुठे अडतंय ते एका हंगामात कळेल, मग बाकीचं बघू.

इथे बसलेल्या त्या दोघींना मी उभं राहायची विनंती करते. बाकीच्या पाच जणी कामावर आहेत. त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवा.